ओल्या केसांनी

आमच्या घरात केस वाळवायची एकच पद्धत होती आणि ती आईच्या केसांसाठी होती. आईचे केस सरळ, बारीक आणि पातळ. न्हाऊन आली की ती मान एका बाजूला टाकून पंच्यानं केस झटकायची, पाठीवर मोकळे सोडायची आणि भाजी चिरायला बसायची. भाजी फोडणीला पडेपर्यंत केस कोरडे. वरून फणी फिरवली की काम संपलं. केस म्हणजे असेच असतात अशी तिची समजूत होती, आणि तिच्या दोन्ही मुली पप्पांच्या घराण्यावर गेल्या होत्या.

माझे आणि ताईचे केस दाट, कुरळे आणि राठ. वरून वाळल्यासारखे दिसतात, पण मानेजवळ बोट घातलं तर आत संध्याकाळपर्यंत ओल असते. आई आम्हालाही तसंच पंच्यानं झटकायची आणि वाळल्यावर फणी घालायची. वाळलेल्या कुरळ्या केसांत फणी घातली की एकेक केस सुटा होऊन उभा राहतो आणि डोक्याभोवती टोपलं तयार होतं. ते टोपलं आई खोबरेल तेलानं बसवायची आणि इतकं ओढून दोन वेण्या घालायची की आमच्या भुवया वर जायच्या. बजाजनगरातून इंग्रजी शाळेची व्हॅन निघायची तेव्हा तेलाचा वास आमच्याच सीटवरून यायचा. मला त्याचं काही वाटत नाही असं मी दाखवायचे. ताईला वाटायचं आणि ती बोलून दाखवायची. आम्हा दोघींत हा फरक पहिल्यापासून होता.

ताई अकरावीत असताना, कॉलेजच्या गॅदरिंगच्या दिवशी तिनं कपड्यांच्या इस्त्रीनं केस सरळ करायचं ठरवलं. पप्पा कंपनीचा युनिफॉर्म ज्या इस्त्रीनं कडक करायचे तीच इस्त्री. ती पलंगाशी गुडघे टेकून बसली, गाल चादरीवर ठेवला, केस पसरले, आणि मी त्यांच्यावर जुनी ओढणी टाकून इस्त्री फिरवली. केस पुरते वाळलेले नव्हते. ओढणीखालून वाफ आली आणि पीस जळाल्यासारखा वास घरभर झाला. पप्पा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, माझ्या शर्टाला कधी एवढं मन लावून इस्त्री केली नाही कुणी. आई रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं ताईचे केस हातात घेऊन बघितले. ते अगदी तिच्या स्वतःच्या केसांसारखे दिसत होते.

"लई गुळगुळीत झाले गं," ती म्हणाली.

ताईनं ते वाक्य जपून ठेवलं असावं. नोकरी लागल्यावर तिनं स्वतःसाठी पहिली वस्तू घेतली ती क्रांती चौकातल्या दुकानातून केस सरळ करायचं मशीन.

तिला बघायला आले तेव्हा केस सरळ होते, लग्नाच्या फोटोत सरळ आहेत. सासर शेंद्र्याच्या बाजूला, घरची थोडी शेती, आणि दाजी तिथल्याच एका कंपनीत सुपरवायझर. तिथं ती सगळे शेतात गेल्यावर दुपारी डोकं धुवायची आणि माणसं परत यायच्या आत आतल्या खोलीत मशीन फिरवून मोकळी व्हायची. सुनेचे केस मुळात कुरळे आहेत हे तिच्या सासूबाईंना कितीतरी महिने माहीत नव्हतं. ताईला मी एकदा विचारलं होतं, सांगून का टाकत नाहीस. ती म्हणाली, आता कुठल्या तोंडानं सांगू, त्यांना वाटेल मी फसवलं.

त्याच काळात मी उलट्या बाजूला निघाले होते. मी घरी बसून लॅपटॉपवर काम करते. लोक तक्रारी लिहितात आणि मी त्यांना उत्तरं लिहिते. कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते जमतं. मधल्या वेळात मी फोनवर कुरळ्या केसांचे व्हिडिओ बघायचे. केस ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं सोडवायचे. पंच्यानं घासायचं नाही, मऊ जुन्या सुती कपड्यात नुसतं दाबायचं. मग बटा वर उचलून सोडून द्यायच्या, आणि वाऱ्यावर पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड. मी पप्पांचं जुनं बनियन घेतलं आणि करून बघितलं. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं, त्यामुळे पहिल्यांदा केस काथ्यासारखे झाले. मग नळाला पाणी येईल त्या दिवशीच डोकं धुवायला लागले. हळूहळू केसांना आकार आला. आरशात मी पहिल्यांदाच कुणासारखी तरी नाही, माझ्यासारखी दिसले. आई मात्र जाता-येता माझ्या मानेशी बोट घालून बघायची आणि म्हणायची, "अजून ओलंय. गारवा बसंल."

ताईला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात तिचा फोन आला. मशीन तापलं की त्या वासानं तिला उलटी व्हायची. केस नुसते बांधले तर टोपलं होत होतं. काय करू सांग, असं ताईनं मला विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. मी सगळं सांगितलं, अगदी बनियनसकट. पुढच्या वेळी तिनं व्हिडिओ कॉल केला तो गच्चीवरून. ऊन होतं, मागं कापसाचं रान, आणि केस ओले, खांद्यावर बटा उतरलेल्या. मी तिला कित्येक वर्षांत तशी बघितली नव्हती. ती लहान दिसत होती.

सासूबाईंना कळलंच. त्यांनी थट्टा केली, लग्नात दाखवली ती पोरगी कुठं ठेवलीस म्हणाल्या, आमच्या मेंढरांत बसलीस तर ओळखू येणार नाहीस म्हणाल्या. ताई ते सांगताना हसत होती. तिला वाटलं होतं तेवढं काही झालं नव्हतं. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "ह्याचे केस आपल्यासारखे झाले ना, तर कुणाला फणी लावू द्यायची नाही."

मग ती आठवड्यातून दोनदा गच्चीवर बसायला लागली. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी बसायची. सासूबाई खालून हाक मारायच्या, ओल्या केसांनी वाऱ्यात बसू नये म्हणायच्या. ती म्हणायची, आलेच.

आठव्या महिन्यात एका सकाळी बाळ हललं नाही. दुपारपर्यंत त्यांनी वाट बघितली, गोड खायला घातलं, डाव्या कुशीवर झोपवलं, आणि मग शहरातल्या दवाखान्यात आणलं. आम्ही बजाजनगरातून पोचलो तेव्हा सगळं समजलेलं होतं. मुलगा होता. पप्पा आणि दाजी त्याला घेऊन गेले. मी त्याला बघितलं नाही. आईनं बघितलं. केस कसे होते ते मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

डॉक्टर बाई माझ्याशी इंग्रजीत बोलल्या, कदाचित मी पहिला प्रश्न इंग्रजीत विचारला म्हणून. बाळाच्या नाळेला गाठ बसली होती. बाळ पोटात फिरताना क्वचित असं होतं, कुणाच्या काही करण्यानं किंवा न करण्यानं होत नाही. मी बाहेर येऊन बाकावर बसलेल्या आईला आणि ताईच्या सासूबाईंना हे मराठीत सांगितलं. इंग्रजीत ते ऐकताना ठाम वाटलं होतं. मराठीत "असंच होतं कधीकधी" असं म्हणताना मलाच ते टाळल्यासारखं वाटलं.

सासूबाई रडत होत्या. त्यांनी नातवासाठी गोधडी शिवायला घेतली होती. त्या म्हणाल्या, "पोरी, गाठ काय उगंच बसती का? ओले केस घेऊन तासन्‌तास गच्चीवर. मी किती वेळा म्हणलं. गारवा पोटात उतरला."

दार उघडं होतं आणि ताई आत जागी होती.

आमच्या घरी अंगारे-धुपारे बंद आहेत. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली तेव्हापासून घरात मेणबत्ती लागते ती बुद्धाच्या मूर्तीपुढं, आणि आई सकाळी वंदना म्हणते. नवस नाही, दृष्ट काढणं नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. ताईचं सासरही तसंच. सोयरीक जमताना दोन्हीकडच्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. पण गारवा काही देव नव्हता. त्याला कुणी घराबाहेर काढलंच नव्हतं.

सव्वा महिन्यासाठी ताई आमच्याकडे आली. पहिले काही दिवस तिनं डोकं धुतलं नाही. मग एके दिवशी धुतलं आणि आतल्या खोलीत जाऊन ड्रायर सगळ्यात गरम करून लावला. केस अर्धे ओले असतानाच तिनं मशीन फिरवायला घेतलं. मी बाहेर लॅपटॉपवर बसले होते. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चुर्र आवाज येत होता. ओल्या केसाला एवढी आच दिली की केसातलं पाणी आतल्या आत उकळतं आणि केस तिथंच तुटतो, हे मला माहीत होतं. मी दाराशी जाऊन म्हणाले, ताई, निदान वाळू दे. तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं. "वाळवतेच आहे," ती म्हणाली.

त्यानंतर ती एक दिवसाआड डोकं धुवायची आणि तेच करायची. तिला केस सरळ करायचे नव्हते; नंतर आरशात बघतही नसे. तिला फक्त ओल घालवायची होती. झाल्यावर ती मानेशी हात घालून बघायची, आणि कुठं किंचित गार लागलं की पुन्हा मशीन. कानामागची कातडी लाल झाली होती. मोरीच्या जाळीत, पलंगाखाली, माझ्या लॅपटॉपच्या चार्जरला, सगळीकडे तुटके केस सापडायचे. एका रात्री जेवताना ती एकदम म्हणाली, माझंच चुकलं, मी खाली जायला पाहिजे होतं. डॉक्टर बाईंचं म्हणणं मी तिला पुन्हा सांगितलं, शांतपणे, मराठीत. ती म्हणाली, "तुला काय माहीत गं. तुझ्या पोटात होतं का?"

ते खरं होतं. मी ताट उचललं.

मला वाटतं आईनं त्याच रात्री ठरवलं. स्वयंपाकघराच्या माळ्यावर एक डबा होता. ताईचं पहिलं बाळंतपण आपल्याकडे होणार म्हणून तिनं आधीच जमवून ठेवलं होतं: ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या वाळलेल्या साली. निखाऱ्यावर हे टाकून बाळंतिणीच्या केसांना धुरी देतात. न्हाणं झालं की ती पलंगावर उताणी पडते, केस पलंगाच्या कडेवरून खाली सोडतात, खाली निखारे आणि त्यांवर उपडी टोपली. ऊब केसांना लागते, आच लागत नाही. डबा माळ्यावरून उतरवताना शेजारच्या काकू आल्या होत्या. त्या चांगल्या मनानंच म्हणाल्या, आता कशाला, बाळच नाही तर धुरी कशाची, पोरीला उगाच आठवण.

आईनं डबा ओट्यावर ठेवला. "लेकरू गेलं म्हणून ती बाळंतीण नाय का?" ती म्हणाली.

मी लहानपणापासून धूर म्हणजे घरात बंद असलेली गोष्ट असं धरून चालले होते, म्हणून मी आईला हळूच विचारलं, आपल्यात हे चालतं का. ती म्हणाली, ही धुरी देवाची नाही, केसांची आहे.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचा ठेला आहे, तो अजून कोळशाची इस्त्री वापरतो. आई घमेलं घेऊन गेली आणि त्याच्याकडून फुललेले निखारे मागून आणले. मी ताईचे केस बनियनमध्ये दाबून पाणी काढलं. तिला पलंगावर निजवून केस कडेवरून सोडले तेव्हा मला दिसलं की तिचे केस एका लांबीचे राहिलेच नव्हते. काही कमरेशी, काही खांद्याशी, आणि बरेचसे मध्येच तुटून उभे. आईनंही ते बघितलं. ती जमिनीवर बसली आणि निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकला. धूर टोपलीच्या विणीतून वर आला, केसांत शिरला आणि दुसऱ्या बाजूनं पातळ होऊन निघाला. आई बोटांनी केस सोडवत होती. फणी जवळच होती, पण तिनं ती घेतली नाही. हे ती माझं बघून शिकली होती की आपसूक, मला ठाऊक नाही.

बराच वेळ गेला. ताई छताकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "आई, ओल्या केसांनी खरंच होतं का गं?"

मी दाराच्या चौकटीशी उभी होते. माझं सांगून झालं होतं, डॉक्टर बाईंचं सांगून झालं होतं, आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. ताईला आता आईकडून ऐकायचं होतं, कारण जन्मभर गारव्याची भीती आम्हाला आईनंच घातली होती. आईनं हो म्हटलं असतं तर ते कायमचं हो झालं असतं. आणि आई खोटं बोलणारी बाई नाही. रोज सकाळी जे पंचशील ती म्हणते त्यात खोटं न बोलणंही आहे.

आईनं अजून थोडा ओवा टाकला.

"तुझ्या येळेला मी कंपनीत जात होते," ती म्हणाली. "पॅकिंगला. पहाटं न्हायचं, ओलेच केस बांधायचे न् बस धरायची. दिवसभर अंबाडा ओला. नववा लागेस्तोवर तसंच. तुला काय झालं? चांगली धडधाकट झालीस."

"खरंच?"

"मंग. केसानं काय होतंय."

आई पॅकिंगच्या कामाला लागली तेव्हा मी पहिलीत होते आणि ताई चौथीत. त्याआधी ती कधी कंपनीत गेली नव्हती. हे मला पक्कं आठवतं, कारण त्या वर्षापासून घराची किल्ली ताईच्या गळ्यात आली. काळ्या दोऱ्यात ओवलेली, शाळेच्या टायखाली. आम्ही व्हॅनमधून उतरून दार उघडायचो आणि आई येईपर्यंत ताई मला दूध-पोळी द्यायची.

पलंगाच्या कडेवरून डोकं मागं टाकलेलं असल्यामुळे ताईला मी उलटी दिसत असणार. तिनं माझ्याकडे बघितलं. किल्ली तिच्याच गळ्यात होती. माझ्याआधी तिला आठवली असणार. आई खाली मान घालून निखारे सारखे करत होती. मग ताईनं डोळे मिटले आणि तिच्या कानाच्या दिशेनं पाणी ओघळलं, ते केसांत गेलं. आईनं तेही बोटानं पुसून कोरडं केलं.

त्या दिवसानंतर मशीन तसंच पडून राहिलं. ताईला पटलं असं मी म्हणणार नाही. ती खिडकी लावून, स्वेटर घालून बसायची, केस बनियनमध्ये गुंडाळून. पण ते आपोआप वाळू द्यायची. धुरी आणखी काही वेळा झाली. कधी रडायची, कधी नुसती बसून राहायची. एकदा म्हणाली, आईनं केवढं वाढवून सांगितलं ना ते, नववा लागेस्तोवर. आणि किंचित हसली. मी म्हणाले, हो. त्याबद्दल आमच्यात एवढंच बोलणं झालं.

दाजी न्यायला आले त्या सकाळी नेमकं नळाला पाणी आलं होतं आणि ताईनं डोकं धुतलं. चहा झाला, बॅग गाडीत गेली, तरी केस ओलेच. तुटून आखूड झालेले केस पुन्हा कुरळे झाले होते, ते कपाळावर वळून बसले होते. आई ड्रायर घेऊन आली. थांब, वाळवून जा, असं म्हणताना तिनं सवयीनं ताईच्या मानेशी केसांखाली हात घातला.

"राहू दे," ताई म्हणाली. "गाडीत वाळतील."

मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला जे म्हणायचं होतं ते ती म्हणाली नाही. तिनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला. गाडी वळली तेव्हा ताईच्या बाजूची काच अर्धी खाली होती. आई ती काच दिसेनाशी होईपर्यंत फाटकाशी उभी राहिली, आणि मग आत येऊन तिनं रिकामा डबा घासून पालथा घातला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, साधा. पोचलो, सासूबाईंनी जवळ घेतलं, गोधडी कपाटात दिसली, असं तिनं तुटक तुटक सांगितलं. मी विचारलं, केस वाळले का.

"वरचे वाळले," ती म्हणाली. "मधले अजून ओले आहेत."

"हात लावू नको."

"नाही लावत."

फोन दोघींनीही बराच वेळ ठेवला नाही.